कदम बदल

बँडरूम म्हणजे जिन्याखालची खोली.
आधी तिथे नकाशे असत, गुंडाळलेले,
आणि नंतरही, ड्रम काढायला वाकलं
की आफ्रिका डोक्यावर पडायची.

फडतरे सर पलटणीतून निवृत्त होऊन आलेले.
हजेरीपटावर त्यांना कलाशिक्षक लिहिलेलं,
कारण बँडमास्तर असं पदच नव्हतं शाळेत.
चित्र ते एकच काढायचे: फक्कीची रेघ, मैदानभर,
आणि दर तीस इंचांवर एक आडवी खूण.
"पोरींनो, पाऊल एवढं. ह्याच्या पुढचं ते पळणं,
ह्याच्या आतलं ते बाजारात जाणं."

डिसेंबरातले साडेसहा.
यवतेश्वरावरून उतरलेला वारा थेट गुडघ्यांत.
अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा
अजून विझलेला नसायचा.
शहनाज बागवान बिगुल बगलेत धरून ऊब द्यायची,
गार पितळेला ओठ चिकटतात म्हणायची,
तरी पहिला सूर हमखास म्हशीसारखा निघायचा.
पलीकडच्या गोठ्यातून कधीकधी उत्तर यायचं.
हसायचं नाही. सावधानमध्ये हसायचं नाही.
आम्ही पोटात हसायला शिकलो,
त्याचा पुढे संसारात फार उपयोग झाला.

माझा ड्रम डाव्या मांडीवर आपटायचा.
कडीच्या जागी निळा डाग,
फेब्रुवारीत पिवळा होत होत जायचा.
कोणी मारलं गं, आईने विचारलं.
घरी सराव उशीवर, पाटावर, गव्हाच्या डब्यावर.
महिनाअखेरीला डबा छान घुमायचा
आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची,
"उशीवर वाजव. शेजारी ऐकतात."
तेव्हा वाटायचं, तिला ताल कळत नाही.

सुलभा पिसाळकडे मोठा ढोल.
समोरून तिचा चेहरा दिसायचाच नाही,
दोन पाय फुटलेला ढोल चालत यायचा नुसता.
ती चुकली तर सगळ्या चुकणार.
ती कधी चुकली नाही.
चुकायचे मी. दर वळणावर,
सगळ्यांचा डावा पडताना माझा उजवा.

त्यावर सरांचं औषध: कदम बदल.
मागचा पाय पुढच्याच्या टाचेशी आणायचा
अर्ध्या मात्रेत, आणि पुढचाच पुन्हा पुढे.
थांबायचं नाही. खाली बघायचं नाही.
काठ्या चालूच ठेवायच्या.
"बघणाऱ्याला कळता कामा नये," ते म्हणायचे,
"आणि कळलंच, तर मुद्दाम केलं वाटलं पाहिजे."

सव्वीस जानेवारी, शाहू स्टेडियम.
काय वाजवलं ते आठवत नाही.
मानवंदनेच्या चौथऱ्यासमोरून गेलो म्हणे.
मला दिसली फक्त पुढच्या कुंदाची
सुटलेली लाल रिबीन,
आणि ती तालात नव्हती.
वळण आलं. मी कदम बदलला.
मग लक्षात आलं, ह्या खेपेला मी बरोबर होते.
मग पुन्हा बदलला.
तिसरा नंबर. प्रत्येकीला एक कंदी पेढा,
सुलभाला दोन, ढोलाचा एक.

परवा पोवई नाक्यावर सर दिसले.
एका हातात काठी, दुसऱ्यात औषधांची पिशवी.
नाव सांगितलं, आधी सासरचं, मग माहेरचं.
त्यांनी कान पुढे केला. पुन्हा सांगितलं.
बँडातली, म्हटल्यावर मान हलवली,
पण तशी ती कुणासाठीही हलली असती.

रिक्षा थांब्यापर्यंत सोबत चाललो.
त्यांचं पाऊल आता बारा इंच असेल,
बाजारात जाणाऱ्याचं.
पाय, पाय, काठी. पाय, पाय, काठी.
असलं काही आम्हाला शिकवलं नव्हतं.
मी चुकतेय, पुढे जातेय, थांबतेय.
शेवटी, पिशवी द्या इकडे, असं म्हणत
हळूच टाच आणली टाचेशी.

सरांनी तोंडाकडे पाहिलंच नाही.
माझ्या चपलांकडे पाहिलं.
"भिलारे," म्हणाले,
"कळलं."